शेळ्यांच्या बदल्या

१२ नोव्हेंबर

काल दुपारी धाकट्या बहिणीला गाडीच्या मागच्या सीटवर आडवं केलं आणि तिच्या मुलीकडे रवाना केलं. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन, आणि नंतर तीन महिने गोठ्याचं तोंड बघायचं नाही. मोडलं कसं, तर शेळीच्या अंगावर पडू नये म्हणून ही कुशीवर पडली. शेळीला खरचटलंसुद्धा नाही. आमच्या धाकटीची जन्मभराची तऱ्हा हीच.

तेव्हा तीन महिने गोठा माझ्या ताब्यात. अठ्ठेचाळीस शेळ्या, एक बोकड आणि मामा. मामा कुणाचेच मामा नाहीत. वीस वर्षं इथे राबतात म्हणून सगळ्यांचे. दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यातले आठ शेळ्यांशी.

मी पशुसंवर्धन खात्यात सव्वीस वर्षं काढली, पण मुख्य कचेरीत, बदली कक्षात. तिथे पाहिलेला एकमेव प्राणी म्हणजे कँटीनची मांजर. खात्यातली माणसं मात्र मी भरपूर हलवली. मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा निरोपाला तुडुंब गर्दी होती. भाची म्हणाली, "मावशी, सगळे किती खूश दिसतायत." माणसं जोडली होती, दुसरं काय.

गाडीत आडवी पडूनही धाकटी शेळ्यांची नावं सांगत होती. आत्याबाई सगळ्यांत म्हातारी, तिला आधी वाढ. वकीलीण भांडकुदळ आहे. दोघी जावा एकमेकींशिवाय तोंडात घास घेत नाहीत. मी विचारलं, यांना नंबर नाहीत का? आहेत म्हणाली, कानात. पण नंबराने हाक मारली तर येत नाहीत.

एकेचाळीस गाभण आहेत, साधारण दोन महिन्यांच्या. सात वर्षांपूर्वीच्या साथीत तिच्या सगळ्या शेळ्या गेल्या, चार उरल्या. त्या चारांवर तिने पुन्हा हे सगळं उभं केलं. आणखी एकदा उभं करायची तिची ताकद नाही. हे ती बोलली नाही. मला दिसलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आठवडाभर नीट पाहिलं. गोठ्यात सरळसरळ वतनदारी चालू आहे. सहा कप्पे, प्रत्येकात आठ शेळ्या. पहिल्या कप्प्यात आत्याबाई गव्हाणीच्या मधोमध ठाण मांडून उभी असते. तिचं झालं की वकीलीण, मग दोघी जावा. सगळ्यांच्या शेवटी नकटी नावाची एक मरतुकडी येते आणि उरलंसुरलं चघळते. बाकीच्या कप्प्यांतही हीच कथा. वर्षानुवर्षं एका खुर्चीला चिकटलेल्यांचं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको.

तक्ता आखला. दर सोमवारी प्रत्येक कप्प्यातल्या दोघी पुढच्या कप्प्यात. कुणावर अन्याय नाही, कुणाची मर्जी नाही, वशिला तर नाहीच. पट्टीने रेघा मारून खोलीतल्या भिंतीवर लावला. किती दिवसांनी हाताला बरं वाटलं.

मामा म्हणाले, "ताई, त्यांचं आपसात ठरलेलं असतं."

मी म्हटलं, ठरलेलं असतं म्हणूनच बदलायचं असतं. मामांचे आजचे शब्द तिथेच संपले.

बारा शेळ्या हलवल्या. दुपारपर्यंत टकरांचा आवाज येत होता, कुणी लाकडं फोडावीत तसा. नवा माणूस रुजू झाला की चार दिवस धुसफूस चालतेच. शेळी आणि कर्मचारी यांच्यात फरक इतकाच की शेळी बदली रद्द करण्याचा अर्ज घेऊन दारात उभी राहत नाही.

२७ नोव्हेंबर

परवाच्या सोमवारी बदल्या, लसीकरण आणि खुरं कापणं अशी तिन्ही कामं एकाच दिवशी उरकली. एकदा धरलेली शेळी तीनदा कशाला धरायची? धाकटी यात तीन आठवडे घालवत असे. बदलीत दोघी जावांची ताटातूट झाली. एक दुसऱ्या कप्प्यात गेली, दुसरी पहिल्यातच राहिली. दोघी तेव्हापासून केकाटतायत. एका घरातल्या दोघांना एकाच ठिकाणी नेमणूक द्यायची नाही, हे आमचं जुनंच धोरण होतं.

दूध घटलंय. मामांचा हात थकला असावा.

धाकटीचा रोज सहा वाजता फोन येतो. ऑपरेशन झालं, बरी आहे. स्वतःबद्दल एक वाक्य, शेळ्यांबद्दल वीस. मी म्हटलं, झकास चाललंय, तुझ्या गोठ्याला पहिल्यांदा शिस्त आलीय.

५ डिसेंबर

पाच शेळ्या खोकतायत. एकीची कास सुजली आहे, दुसरीच्या नाकातून शेंबूड. लस दिलेली असताना हे कसं? लसच खराब असणार. दुकानदाराला फोनवर चार शब्द सुनावले. तो म्हणाला, त्याच खोक्यातली लस गावभर गेली, कुणाची तक्रार नाही. लोक तक्रार करत नाहीत म्हणून काही वाईट घडत नाही असं नसतं. हे मी त्याला ऐकवलं आणि फोन ठेवला.

सगळ्यांचे केस उभे, राठ. खाताना माना सारख्या मागे वळतात. एक चांगलं आहे: मी आत पाय टाकला की सगळ्या उठून उभ्या राहतात. कचेरीतही राहायचे.

११ डिसेंबर

नकटीने गाभ टाकला.

सकाळी मामांनी हाक मारली. पेंढ्यावर ओंजळीत मावेल एवढं काहीतरी होतं, पूर्ण आकाराचं, चारही खुरांसकट. ती त्याला चाटत होती. मी रजिस्टर उघडलं, तारीख लिहिली, पुढे काय लिहायचं ते सुचेना. बराच वेळ पेन हातात होतं.

धाकटीला सांगितलं नाही. हाड जुळायच्या दिवसांत कशाला डोक्याला ताप? एक तर गेलंय. चाळीस आहेत.

१३ डिसेंबर

डॉक्टरबाई येऊन गेल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातमोजे घालायच्या आधी शेळीच्या मानेवर हात ठेवून दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहतात. आधी आमच्याच खात्यात होत्या म्हणे. आठ वर्षांपूर्वी नोकरी सोडली. मला चेहरा आठवेना. त्यांना माझा आठवत होता. साहजिक आहे. आम्ही एक होतो, ते शेकडो.

नमुने घेतले. गाभ टाकायला लावणारे चार-पाच रोग असतात, ते तपासायला पाठवले. पडलेलं काही उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा, असं मामांना बजावलं. मग मला विचारलं, "मॅडम, गेल्या महिन्याभरात गोठ्यात काही बदललं का? चारा, जागा, माणसं, काहीही."

मी म्हटलं, चारा तोच, पाणी तेच, मामा तेच. काहीच बदललेलं नाही. उलट सगळं वेळापत्रकानुसार चाललंय.

मामांनी घसा खाकरला. पेंढ्याची धूळ फार झालीय.

१९ डिसेंबर

चार झाल्या. आज एकीचं जुळं होतं.

झोप नाही, जेवणावर वासना नाही. दाढ ठणकतेय, ओठावर पुरळ उठलंय. परीक्षेच्या दिवसांत उठायचं तसं. वयोमान.

रोगांचा रिपोर्ट आला: एकही नाही. वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. रोग असता तर त्याला नाव असतं, औषध असतं, आणि मुख्य म्हणजे तो बाहेरून आलेला असता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आता लेंड्या तपासू. शेळी घाबरलेली, ताणाखाली असली की तिच्या रक्तात एक रस वाढतो, त्याचा अंश दुसऱ्या दिवशी लेंड्यांत उतरतो. रक्त काढायला गेलं तर सुईनेच ती घाबरते आणि आपण आपलीच सुई मोजत बसतो. लेंडी बिचारी खरं सांगते. आठ शेळ्या निवडल्या. रोज सकाळी प्रत्येकीची ताजी लेंडी पाकिटात, वर नंबर आणि तारीख, लगेच बर्फात.

हे काम मात्र मला जमण्यासारखं आहे. अशी पाकिटं त्या प्रयोगशाळेने जन्मात पाहिली नसतील.

२३ डिसेंबर, सोमवार

बदल्या केल्या. सगळं हातातून निसटत असताना निदान एक गोष्ट तरी वेळेवर व्हायला हवी.

धाकटीने विचारलं, जावा खातायत ना नीट? मी म्हटलं, पोटभर. खोटं बोलताना माझा आवाज किती सरळ येतो हे ऐकून मीच चपापले. मग ती म्हणाली, ताई, तू जेवतेस ना?

३ जानेवारी

सहा.

लेंड्यांचा पहिला रिपोर्ट डॉक्टरबाईंनी फोनवर वाचून दाखवला. आठही शेळ्यांत तो रस जास्त आहे, आणि मंगळवारच्या पाकिटांत तर दुप्पट. शुक्रवारपर्यंत जरा उतरतो, पुढच्या मंगळवारी पुन्हा वर. म्हणाल्या, "मंगळवारच्या लेंडीत सोमवारची भीती असते. सोमवारी काय असतं तुमच्याकडे?"

फोन ठेवला आणि लख्ख प्रकाश पडला. सोमवारी चाऱ्याचा ट्रक येतो. तो मेला ड्रायव्हर फाटकापासून हॉर्न दाबत येतो. त्याला गुरुवारी यायला सांगितलं, तेही हमरस्त्यावर थांबून. चारा मामा डोक्यावरून आणतील. सापडला चोर. आज पहिल्यांदा नीट जेवले.

८ जानेवारी

नऊ.

सोमवारी ट्रक आला नव्हता. हॉर्न नाही, इंजिन नाही, गोठ्यात टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि काल तीन.

वकीलीण त्यातली एक. ती भांडत नाही आता. कोपऱ्यात तोंड घालून उभी असते. मी मामांवर ओरडले, तुम्हीच काहीतरी चुकीचं खायला घालता म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं आणि टोपलं उचलून गेले. मग मी मोरीत नळ सोडून रडले. इथे कुणीही नसताना नळ कशाला सोडला, देव जाणे.

१० जानेवारी

हे नीट क्रमाने लिहायला हवं.

डॉक्टरबाई सकाळी आल्या, नऊ जणींना तपासलं आणि हात धुवायला पहिल्यांदाच माझ्या खोलीत आल्या. टॉवेल देत होते, तर त्या भिंतीकडे बघत उभ्या. हाताचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

"हे काय आहे?"

मी समजावून सांगितलं. खरं तर उत्साहानेच. दर सोमवारी बारा जणी, कुणावर अन्याय नाही.

त्या खुर्चीवर बसल्या. पुढचं फार हळू बोलल्या, पण आमच्या कचेरीच्या भाषेत, मला समजावं म्हणून असेल. कळपात कुणाच्या पुढे कुणी खायचं हे एकदा ठरलं की शांतता असते, नकटीलासुद्धा. आपली जागा शेवटची, पण आपली. दोघी नव्या आल्या की सगळ्यांचं पहिल्यापासून ठरवायचं, टकरा घेऊन. जीव घाबरला की शरीर म्हणतं, आता पळायचं किंवा लढायचं, बाकीची खाती बंद. आधी रोगाशी झुंजणारं खातं बंद होतं. म्हणून खोकला, म्हणून कास सुजली, म्हणून लस पुरती लागली नाही. मग गाभ सांभाळणारं. शेळीचा गाभ अंडाशयातल्या एका गाठीच्या जिवावर टिकतो, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. तिचा पुरवठा तुटला की संपलं. "एकदोन दिवसांची भीती जनावर पचवतं. यांचं जरा स्थिरावतंय तोवर पुढचा सोमवार."

मी म्हटलं, पण मी तुम्हाला सांगितलं होतं, काही बदललेलं नाही.

"हो. तुम्हाला तो बदल वाटलाच नाही."

मग तक्त्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "चौदा महिन्यांत मला तीन ऑर्डरी आल्या होत्या, मॅडम. तिन्हींवर तुमची सही. तिसरीच्या वेळी पाचवा महिना होता."

मला ते प्रकरण आठवेना, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. हेही सांगितलं की अशा वेळी वैद्यकीय दाखला जोडला तर विचार व्हायचा.

"जोडला होता."

मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, "राहिलं नाही. बदलीमुळेच गेलं असं मी म्हणत नाही. एका जिवाचं असं सांगता येत नाही. ते नऊ जणींचं सांगता येतं, आठ जणींच्या लेंड्यांचं सांगता येतं." आणि टॉवेल घडी करून परत दिला.

मी चहा विचारला. नको म्हणाल्या.

त्या काळात दिवसाला साठ-सत्तर फाइली यायच्या. प्रत्येक दाखला कोण वाचणार? ते काम खालच्या टेबलाचं. हे मला त्यांना सांगायचं होतं. राहून गेलं. पुढच्या वेळी सांगेन. किंवा नको.

तक्ता काढला. खिळ्यामुळे भिंतीचा पोपडा निघाला.

११ जानेवारी

सगळ्यांना ताबडतोब मूळ कप्प्यांत पाठवते, असं डॉक्टरबाईंना फोनवर सांगितलं. यादी तयारही केली होती.

त्या म्हणाल्या, "मूळ जागी परत पाठवणं हीसुद्धा बदलीच. जिथे आहेत तिथे राहू द्या."

मग मी काय करू? गव्हाणी वाढवा म्हणाल्या, म्हणजे शेवटचीलाही तोंड घालायला जागा मिळेल. बाकी काही नको. त्यांच्यात जाऊ नका, मामांना जाऊ द्या.

१३ जानेवारी, सोमवार

आज काही केलं नाही. सव्वीस वर्षांत आणि त्यानंतरही इतकं अवघड काम मी केलेलं नाही. दिवसभरात चार वेळा हात धुतले. मामांची माफी मागायला गेले आणि त्याऐवजी सुतळीचा गुंडा कुठे ठेवलाय ते विचारलं. त्यांनी दाखवला. मग म्हणाले, "दोघी जावा मधल्या कप्प्यात भेटल्या बघा. तुमच्याच तक्त्याने." म्हणजे हा माणूस विनोदही करतो.

१९ जानेवारी

बारा दिवस झाले, एकीनेही गाभ टाकला नाही. लिहितानासुद्धा भीती वाटते. खोकला कमी आहे.

आज सहाच्या फोनवर धाकटीने विचारलं, वकीलीण कशी आहे? मी "झकास" म्हणायला तोंड उघडलं आणि ते निघेचना. सगळं सांगितलं. तक्ता, सोमवार, ट्रक, लेंड्या.

धाकटी म्हणाली, "उरल्या किती?"

"बत्तीस."

"आत्याबाई?"

"आहे."

मग ती म्हणाली, "महिनाभर मला कळत होतं गं. तू एकीचंही वाईट सांगत नव्हतीस. शेळ्यांचा गोठा आहे तो, कधीतरी कुणीतरी लंगडणारच की." आणि फोन ठेवला. रागावली का ते कळलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. धाकटीचं हेच अवघड जातं मला. ही भांडत नाही. लहानपणी आई मला दर सुट्टीत मामाकडे आणि तिला आत्याकडे पाठवायची, तेव्हाही भांडली नाही. नुसती आजारी पडायची.

३ फेब्रुवारी

बत्तीसच्या बत्तीस. पोटं घमेल्यासारखी. आत्याबाईच्या कुशीत आतून काहीतरी लाथा मारतं, ते दुरून दिसतं. मी दुरूनच बघते. खिडकीआडून.

९ फेब्रुवारी

धाकटी आली. वॉकरच्या आधाराने चालते, निम्मी झालीय. घरात न शिरता आधी गोठ्यात. सगळ्या तिच्याकडे झेपावल्या. नकटीने तिच्या ओढणीचं टोक चघळायला घेतलं. धाकटीने गाभ गेलेल्या नऊ जणींच्या डोक्यावरून एकेक करून हात फिरवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं कुठल्या ते.

मी दारातच थांबले. ती म्हणाली, ताई, गव्हाणी चांगल्या केल्यास. एवढंच.

११ फेब्रुवारी

हे बाहेर, चाऱ्याच्या खोलीमागे बसून लिहितेय. दुपारचे दोन.

आत्याबाई सकाळी आठला कळा देऊ लागली. सगळ्यांत पहिली तीच. पाण्याची पिशवी दिसली आणि सगळं थांबलं. एक तास, दोन तास. म्हातारी आहे, तिच्या अंगात जोर किती? धाकटी तिच्याजवळ पेंढ्यावर बसून होती, पाय लांब पसरून. डॉक्टरबाई आल्या. आत हात घालून बघितलं. पिलू नीट वळलेलं आहे, वाटही उघडी आहे, मग कळा का नाहीत? थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाल्या. मला राहवेना. गरम पाण्याची बादली घेऊन आत गेले. आत्याबाई धडपडत उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि कळा पुन्हा बंद.

डॉक्टरबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भीती वाटली की कळा थांबतात. रानात असती तर वाघाला बघून थांबल्या असत्या, जीव वाचावा म्हणून."

मी विचारलं, इथे कुठला वाघ आलाय?

मामा पायाने पेंढा सारत होते. शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, तू बाहेर बसशील का जरा?"

बादली ठेवली आणि आले. दगडावर बसलेय. इथून काही दिसत नाही. एकदा उठून फटीशी गेले होते. सावली आत पडेल असं वाटलं, परत फिरले. चष्म्याची काडी चावून चावून तिचं टोक पांढरं पडलंय. अर्ध्या तासापूर्वी डॉक्टरबाईंची गाडी सुरू झाल्यासारखी वाटली आणि मी ताडकन उभी राहिले, पण तो शेजारचा ट्रॅक्टर होता.

अडीच. आतून धाकटीचा आवाज येतोय, गुणगुणल्यासारखा. शब्द कळत नाहीत.

पावणेतीन. आत्याबाई ओरडली. तसं ओरडणं मी या तीन महिन्यांत ऐकलेलं नाही. मग काहीच नाही. मामा कुणाला तरी म्हणाले, नाक पूस, नाक पूस.

आणि आता एक बारीक आवाज. ओला, चिरका, रागावलेला.

आत हसतायत. मला कुणी बोलावलेलं नाही. दुसरं यायचं असेल अजून.

बसून राहते.